साक्षीचा चौकोन

४ जानेवारी

आज वर्तमानपत्राच्या पाचव्या पानावर, केसांच्या तेलाच्या जाहिरातीखाली, चार ओळींची बातमी आहे. शासकीय रुग्णालयाच्या मोठ्या दालनातील ‘पैलतीर’ या भित्तिचित्राची ‘साफसफाई’ सुरू झाली असून पुढील महिन्याच्या अखेरीस मंत्रिमहोदयांच्या हस्ते त्याचे ‘पुनर्उद्घाटन’ होणार आहे. भित्तिचित्राची साफसफाई होत नसते. साफसफाई गटारांची होते. आणि ‘पुनरुद्घाटन’ या शब्दाची अशी मोडतोड करणाऱ्या वार्ताहरास त्याच्या शिक्षकांनी उत्तीर्ण तरी कसे केले, हे कळत नाही.

तथापि मी कात्री मागवून बातमी कापून ठेवली, ती या चुकांसाठी नव्हे. काम कोणाच्या देखरेखीखाली चालू आहे हे शेवटच्या ओळीत आहे : शासकीय कलासंग्रहाचे संग्रहपाल. म्हणजे तो. अर्धविराम.

हे नाव मीच त्याला ठेवले. माझ्या हाताखाली उमेदवारी करीत होता तेव्हापासून त्याचे एकही वाक्य पूर्णविरामापर्यंत पोहोचलेले मी ऐकलेले नाही. “सर, मला असं वाटतं की, म्हणजे...” आणि मान खाली. ब्रश धरायचा कसा, हे त्याला मी शिकवले. परांचीवर चढताना खाली पाहू नये, हेही मीच शिकवले. त्याच गृहस्थाने माझी निवृत्ती तोंडावर आली असताना परस्पर वरच्यांकडे अहवाल धाडून माझ्या हातातला ब्रश काढून घेतला. आदेशात कारण काय? ‘प्रशासकीय कारणास्तव.’ त्याला समोर उभे करून विचारले, तर म्हणाला, “सर, तुमच्या चष्म्याचा नंबर, म्हणजे, मध्ये कधी...” वडीलधाऱ्या माणसाला वयावरून हिणवण्याची ही सभ्य रीत! मी त्याला खोलीबाहेर काढले. उरलेले दिवस मी चित्रांखालच्या पट्ट्यांवरील शुद्धलेखन तपासण्यात घालवले. ते काम मी उत्तम केले, हा भाग निराळा.

‘पैलतीर’चे आभाळ हे माझे शेवटचे काम. छतावरची टाकी फुटून पाणी मुरले आणि आभाळाचा रंग पोपडे धरून गळाला. तो मी पुन्हा भरला. चित्रकाराचा हात कोठे संपतो आणि माझा कोठे सुरू होतो, हे आज मलाही सांगता येणार नाही.

आता तो त्या आभाळाला हात लावणार. लावू दे. मी पाहणार आहे.

५ जानेवारी

सकाळी सूनबाईंशी खटका. हल्लीचे साबण कपडे पिवळे करतात, एवढेच मी म्हणालो.

“बाबा, शर्ट पांढराशुभ्र आहे.”

“हा? याला तुम्ही पांढरा म्हणता?”

“मी नाही, सगळं जग म्हणतं. डोळे दाखवून या एकदा.”

सूनबाई प्रयोगशाळेत लोकांचे रक्त काढतात. तीच सवय घरी चालू असते. चिरंजीव परगावी नोकरीला, तेव्हा सुई टोचायला घरात मी एकटाच. मी बैठकीत येऊन बसलो. तेथील करडे पडदे गेल्या वर्षी मी स्वतः निवडून आणले. या घरात डोळ्यांना शांत वाटावे असे तेवढेच आहे.

९ जानेवारी

रुग्णालयात जाऊन आलो. परांची बांधलेली आहे. अर्ध्या चित्रावर प्लॅस्टिकचा पडदा, अर्धे उघडे. नाव, नावाडी, डोक्यावर बोचकी घेऊन पाण्याकडे येणारी माणसे, आणि वर ते विस्तीर्ण आभाळ. मी मान वर करून उभा राहिलो, तोच पहारेकरी आला.

“आजोबा, इथं उभं राहायचं नाही. पेशंट आहात का?”

“मी या चित्राचा—”

“चित्राचे पेशंट बाहेर. केसपेपर असेल तर बाकावर बसा.”

मी बाकांची पाहणी केली. हाडांच्या विभागाचा बाक बरोबर चित्राच्या खाली, तेथून काही दिसत नाही. त्वचेच्या विभागाचा बाक चित्राकडे पाठ करून. एकटा नेत्रविभागाचा बाक असा, की त्यावर बसले असता परांची, आभाळ आणि डावीकडचा खांब, सर्व काही नजरेच्या टप्प्यात येते. शत्रूचा तळ न्याहाळण्यास याहून सोयीची जागा सेनापतीलाही मिळाली नसती.

खिडकीवरच्या मुलीने विचारले, “काय होतंय डोळ्यांना?”

“काहीही नाही,” मी म्हणालो. मग सावरून म्हणालो, “अंधुक दिसते.” शासनाशी मी आयुष्यात प्रथमच खोटे बोललो. केसपेपर मिळाला.

११ जानेवारी

नेत्रविभागाचा बाक. शेजारी एक शिवणकाम करणाऱ्या बाई. एका डोळ्याचे ऑपरेशन झालेले, दुसऱ्याचे व्हायचे. बोलण्याला तुरपाई नाही, नुसते धागे सुटलेले.

“ऑपरेशन झालं न् पहिलं काय दिसलं सांगू? माझ्या घरातली धूळ! वर्षानुवर्षं सुनेला नावं ठेवत होते, की उगाच झाडत बसते. आता तोंड दाखवायला जागा नाही. तुमचं कधी आहे?”

“माझे डोळे उत्तम आहेत.”

“मग इथं काय हवा खायला आलात?”

माझे नाव पुकारले की मी शेजारच्याला पुढे जाऊ देतो. एका म्हाताऱ्याने त्याबद्दल माझे हात हातात घेऊन आशीर्वाद दिला. बाई म्हणाल्या, “फार मोठं मन हो तुमचं.” माझ्या मनात काय आहे हे त्यांना दिसले असते, तर त्या बाकाच्या दुसऱ्या टोकाला सरकल्या असत्या.

१६ जानेवारी

शासनाच्या मालकीची कला शासनाच्याच भिंतींवर कशी जगते, हे बाहेरच्यांना ठाऊक नसते. कर कार्यालयातील निसर्गचित्रावर कोणीतरी कॅलेंडर टांगले होते. खिळा थेट डोंगरमाथ्यातून आरपार गेला होता. वनखात्याच्या ब्राँझच्या हरणाच्या शिंगांवर छत्र्या वाळत घालीत. निवृत्तिवेतन कार्यालयात ‘माता आणि मूल’ हे दगडी शिल्प दार उघडे राहावे म्हणून दारास टेकवलेले मला सापडले. मुलाचे नाक तोवर झिजून गेले होते. या अनाथांचा मी पालक होतो. वर्षातून एकदा प्रत्येकाच्या दारी जाऊन मी विचारपूस करीत असे आणि कारकुनांच्या शिव्या खात असे.

माझ्या हाताखाली येणाऱ्या प्रत्येक उमेदवाराला मी पहिल्या दिवशी दोन गोष्टी सांगत असे. पहिली : आपण चित्रात जो रंग भरतो, तो साध्या पाण्याने निघालाच पाहिजे. चित्रकार घरधनी आहे, आपण पाहुणे. निघताना आपल्या पायांचे ठसे पुसता आले पाहिजेत. दुसरी : आधीच्या माणसाचे काम पुसण्याची वेळ आली, तर त्याचा एक छोटा चौकोन जागच्या जागी राहू द्यावा. पूर्वी येथे काय होते असे उद्या कोणी विचारले, तर भिंतीने उत्तर दिले पाहिजे. त्याला आम्ही साक्षीचा चौकोन म्हणत असू.

हे आज लिहिण्याचे कारण असे, की आज मी पाहिले. अर्धविराम स्वतः परांचीवर होता. ओला कापूस काडीला गुंडाळून तो आभाळावरून फिरवीत होता, आणि कापूस काळसर होऊन खालच्या बादलीत पडत होता. एकामागून एक. चित्रकाराचा रंग पाण्याने निघत नाही. निघतो तो माझा.

तो माझे आभाळ पुसतो आहे.

मळ नव्हे, बुरशी नव्हे. निर्दोष, जुळलेले, जोड न दिसणारे काम पुसतो आहे. आणि तेही माझ्याच नियमाचा आधार घेऊन. माणूस मारायला त्याच्याच घरातला विळा वापरावा, तसे.

बाई म्हणाल्या, “अहो, केसपेपर का चुरगळताय? पाणी देऊ?”

१७ जानेवारी

रागाने काही साधत नाही. योजना हवी.

तक्रार केली तर तिच्यावर समिती बसेल, आणि समिती बसली की ती उठत नाही. निनावी पत्र हे भित्र्यांचे काम. मला त्याला नोकरीतून घालवायचे नाही. त्याचे वाक्य सर्वांच्या देखत अर्धे राहिलेले मला पाहायचे आहे.

खांबाआड त्याने साक्षीचा चौकोन ठेवला आहे, हे आज नीट पाहून घेतले. आभाळ जेथे डाव्या काठाने खाली उतरते, तेथे हातभर जागा सोडली आहे. जागा चोराने अशी निवडली, की नेत्रविभागाचा बाक सोडल्यास ती कोठूनही दिसू नये. खाली पट्टीही लावली आहे : ‘पूर्वीच्या डागडुजीचा नमुना’. डागडुजी कोणाची, ते नाही. माझे नाव दाबले!

पण त्याची हीच चूक मला उपयोगी पडणार आहे. तो चौकोन माझा साक्षीदार आहे. उद्घाटनाच्या दिवशी मंत्रिमहोदयांच्या समोर मी उभा राहीन आणि एकच विनंती करीन : संग्रहपालांनी त्या चौकोनाजवळ जावे, आणि मूळ चित्र कोठे संपते व डागडुजी कोठे सुरू होते ती रेषा बोटाने दाखवावी. बस्स. तो बोट फिरवीत राहील. जोड सापडणार नाही, कारण मी तो ठेवलेलाच नाही. मग मी विचारीन : जे ओळखू येत नव्हते, ते पुसले का? आणि माझे नाव लिहिले का नाही?

दुपारी भाषणाचा मसुदा केला. क्रियापदे दोनदा तपासली.

२२ जानेवारी

त्याने मला पाहिले.

परांचीवरून उतरून, हात पुसत, थेट बाकापाशी आला. केस पिकले आहेत. मान मात्र तशीच, पोरवयातली, खाली.

“सर. तुम्ही इथं?”

“रुग्णालय सार्वजनिक आहे, अशी माझी समजूत आहे.”

“नाही, म्हणजे...” त्याने बाकावरची पाटी वाचली, माझ्या हातातला केसपेपर पाहिला, आणि त्याच्या चेहऱ्यावर काय पसरावे? आनंद! उघडउघड आनंद. “डोळ्यांसाठी आलात? बरं झालं सर. फार बरं झालं. मी कधीपासून म्हणजे...”

“माझ्या डोळ्यांना काय धाड भरली आहे?”

“तसं नाही सर. इथल्या डॉक्टरीणबाई चांगल्या आहेत. मी सांगून ठेवू का त्यांना, की...”

“तू तुझे काम कर. पुष्कळ पुसायचे बाकी आहे.”

तो परांचीकडे वळला. जाताना दोनदा मागे वळून पाहिले. माझे डोळे गेलेले पाहण्याची इतकी हौस! शिवणकामाच्या बाई म्हणाल्या, “कोण हो? मुलगा का?”

“नाही,” मी म्हणालो.

“मग शागीर्द. असं तोंड पोटचं पोर करत नाही.”

२४ जानेवारी

घात झाला. नाव पुकारल्यावर मी नेहमीप्रमाणे शेजाऱ्यास पुढे करणार, तोच बाईंनी परिचारिकेला ओरडून सांगितले, “हे आजोबा रोज येतात न् भीतीनं रोज पळतात. धरा त्यांना!” दोघींनी मला दंडाला धरून आत नेले. सर्व बाक हसला. मी प्रतिकार केला असता, तर माझे हेरगिरीचे ठाणे गेले असते.

डॉक्टरीणबाई तरुण आणि तोंडाळ. हनुवटी टेकवून, प्रकाश मारून, बराच वेळ पाहत राहिल्या.

“आजोबा, तुम्ही काय काम करत होता?”

“चित्रांची देखभाल.”

“हं.” मग दिवा बाजूला सारून, “किती वर्षांपासून असं दिसतंय?”

“कसे?”

“दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू आहे. चांगला मुरलेला. भिंग पिवळं, जवळपास तपकिरी झालंय. असं हळूहळू होतं ना, की माणसाला पत्ता लागत नाही. निळ्या रंगाचे फरक तर तुम्हाला फार दिवस दिसत नसतील.”

“मला सर्व रंग दिसतात.”

“दिसतात हो. तुमच्या मनातले दिसतात.”

या पिढीला बोलण्याचा पोच नाही. ऑपरेशनची तारीख सुचवली. मी विचार करून सांगतो म्हणालो आणि बाहेर आलो. बाकावर बसून आभाळाकडे पाहिले. उत्तम दिसत होते. पुसून त्याने नव्याने भरलेला भाग आणि खांबाआडचा माझा चौकोन यांत तिळाचाही फरक नव्हता. मग त्याने पुसले कशाला? द्वेषाशिवाय याला दुसरे उत्तर असूच शकत नाही.

२५ जानेवारी

रात्रभर विचार केला आणि ऑपरेशनला होकार द्यायचे ठरवले आहे. डॉक्टरीणबाईंच्या सांगण्यावरून नव्हे.

काल परतताना एक गोष्ट ध्यानी आली. बाकावरून परांचीपर्यंतच्या अंतरावर मला त्याचा चेहरा स्पष्ट दिसत नाही. नुसता पिवळट डाग दिसतो. समारंभात मी प्रश्न विचारीन, त्याचे बोट चौकोनावर फिरू लागेल, घाम फुटेल, ओठ हलतील. आणि मला काय दिसेल? डाग! ज्या क्षणासाठी मी इतके दिवस बाकावर झिजलो, तो क्षण धुक्यातून पाहायचा? त्याच्या चेहऱ्यावरची रेषा न् रेषा मला दिसली पाहिजे.

सूनबाईंना सांगितले. त्या इतक्या चकित झाल्या, की चहात साखर घालायची विसरल्या.

“इतके दिवस मी डोकं फोडत होते, तेव्हा ऐकलं नाही. आता एकदम काय झालं?”

“एक दृश्य नीट पाहायचे आहे.”

“कसलं दृश्य?”

“सूर्योदय,” मी म्हणालो.

२० फेब्रुवारी

डाव्या डोळ्याचे ऑपरेशन झाले. भीती वाटली नाही, असे लिहिणार होतो. परंतु ही वही खाजगी आहे. वाटली. डॉक्टरीणबाई मधूनच रेडिओवरच्या गाण्याबरोबर गुणगुणत होत्या. एक डोळा बांधलेला आहे, त्यामुळे अक्षर वाकडे येते. क्षमस्व. कोणाची क्षमा मागतो आहे, ते ठाऊक नाही.

२१ फेब्रुवारी

पट्टी निघाली.

शर्ट पांढरा आहे.

भिंती पांढऱ्या आहेत. माझ्या हातांवर डाग आहेत आणि नखांखाली मळ. सूनबाईंच्या कपाळावर दोन आठ्या आहेत. त्या बहुधा माझ्याच असाव्यात. वर्तमानपत्राच्या कागदाला एक निळसर झाक असते, हे मी विसरलो होतो. सकाळभर एखाद्या पोरासारखा वस्तू उचलून खिडकीशी नेऊन पाहत होतो.

मग बैठकीत आलो.

“सूनबाई! हे जांभळे पडदे कोणी लावले?”

“कुठले?”

“हे! बैठकीतले! ऑपरेशनला माणूस घराबाहेर पडला, की लगेच पडदे बदलायचे? आणि हा रंग? ही काय सर्कस आहे?”

सूनबाई दारात उभ्या राहून माझ्याकडे पाहत राहिल्या.

“बाबा, हे तेच आहेत. तुम्हीच आणलेत गेल्या वर्षी. करडे म्हणून.”

“मग तेव्हा बोलला का नाहीत?”

“बोलले होते. तुम्ही म्हणालात, रंग मला शिकवू नका.”

त्यांचा आवाज भांडणाचा नव्हता. तो तसा असता, तर बरे झाले असते.

आज एवढेच.

२३ फेब्रुवारी

समारंभ तीन दिवसांवर आला. आज रुग्णालयात जाऊन चौकोन एकदा पाहून यावा, असा विचार होता. गेलो नाही. धूळ वर्ज्य आहे, आणि डॉक्टरीणबाईंनी उन्हात जाण्यास मनाई केली आहे. शिवाय प्रत्यक्ष वेळेपूर्वी पाहण्याची आवश्यकता काय? माझे काम मला ठाऊक आहे.

भाषण पुन्हा वाचले. त्यात एकही चूक नाही. निदान व्याकरणाची तरी नाही.

पडदे हा निराळा विषय आहे. दुकानातला प्रकाश वाईट होता.

२५ फेब्रुवारी

उद्या. पांढरा शर्ट इस्त्री करून ठेवला आहे. राग जागेवर आहे का, हे सकाळी चाचपून पाहिले. आहे. मात्र पूर्वी तो चूल होता. आज सारखी फुंकर घालावी लागते. निवृत्तीआधीचा तो आदेश आठवला, पट्ट्यांवरचे शुद्धलेखन आठवले, मला पाहताच बोलणे थांबवणारे शिपाई आठवले. मग पुन्हा पेटला.

२६ फेब्रुवारी

जसे घडले तसे लिहितो.

सूनबाई बरोबर आल्या. डोळ्यांवर काळा चष्मा. नेत्रविभागाच्या बाकावरच जागा धरली. शिवणकामाच्या बाई आधीच येऊन बसल्या होत्या, दुसरा डोळाही होऊन. “समारंभाला आलात का ऑपरेशनला?” त्यांनी विचारले. भाषण खिशात होते.

मंत्रिमहोदय आले, दोरी ओढली, पडदा सरकला, टाळ्या झाल्या. अर्धविराम व्यासपीठाच्या कडेला उभा होता. त्याला बोलायला सांगितले, तर तो म्हणाला, “हे सगळं, म्हणजे, खूप जणांचं...” आणि मागे सरला. निवेदकाने विचारले, “कुणाला काही विचारायचंय?” आणि मी उभा राहिलो.

खांबाआडच्या चौकोनाकडे बोट दाखवायचे होते. नेम चुकू नये म्हणून मी काळा चष्मा काढला.

आभाळ पहाटेचे होते. मी ते इतकी वर्षे दुपारचे समजत होतो. दूध पातळ करून त्यात चिमूटभर राख मिसळावी असा रंग, आणि क्षितिजापाशी अगदी पुसट, जाणवेल न जाणवेल असा पिवळा. नावाडी कोठे पाहतो आहे, हे मला प्रथमच कळले. तो त्या पिवळ्याकडे पाहतो आहे.

आणि त्या आभाळाच्या काठावर एक निळा चौकोन होता. कसला निळा म्हणून सांगू? दौतीतला. स्टोव्हच्या ज्योतीचा. जोड शोधावा लागत नव्हता. तो दालनभर ओरडत होता. हे एका कोपऱ्यात. पूर्वी सबंध आभाळ असे होते. माझ्यानंतर इतकी वर्षे, रोज, या बाकावर बसणाऱ्या प्रत्येक बऱ्या झालेल्या डोळ्याने ते पाहिले असेल.

मी डावा डोळा मिटला. चौकोन नाहीसा झाला. आभाळ अखंड, दुपारचे, निर्दोष. उघडला. चौकोन परत आला. पुन्हा मिटला. लोकांना वाटले असेल, म्हाताऱ्याच्या डोळ्यात काही गेले.

“बोला आजोबा,” निवेदक म्हणाला.

मग मी त्याच्या चेहऱ्याकडे पाहिले. ज्यासाठी डोळा उघडून घेतला होता, तो चेहरा. रेषा न् रेषा दिसली. तेथे घाम नव्हता, अपराध नव्हता. परांचीच्या शेवटच्या फळीवर पाऊल टाकणाऱ्या माणसाकडे खालचा माणूस पाहतो, तसा तो पाहत होता : हाक मारली तर वरचा दचकेल, म्हणून हाकही न मारता.

खिशातला कागद मी काढला नाही. मी म्हणालो, “तो तिथला चौकोन... तो कोणी पुसू नये. म्हणजे, पुढे कोणी जर...”

आणि वाक्य अर्धे राहिले. माझे. सर्वांच्या देखत.

टाळ्या वाजल्या. शासकीय समारंभात लोक थांबलेल्या वाक्यालाही टाळ्या वाजवतात. शिवणकामाच्या बाई म्हणाल्या, “छान बोललात. थोडक्यात.”

नंतर तो चहाचे दोन पेले घेऊन आला. सूनबाई शहाण्या आहेत. त्या बाईंशी बोलत दूर गेल्या. आम्ही खांबाआड उभे राहिलो. बराच वेळ चौकोनाकडे दोघांनीही पाहिले नाही.

“तेव्हा कारण का लिहिले नाहीस?” मी विचारले.

“वर चौकशी बसवायची म्हणत होते, सर. ‘डोळे’ असं लिहिलं असतं तर मग मागची सगळी कामं, म्हणजे, पेपरात वगैरे... म्हणून प्रशासकीय.”

“मला सांगायचे होतेस.”

“सांगितलं होतं सर. म्हणजे, चष्म्याचा...”

“आणि मागची कामे?”

तो पेल्यात पाहू लागला. “सवडीनं केली. गाजावाजा न करता. कर कार्यालयातलं, कोर्टातलं... हे शेवटचं राहिलं होतं. ह्याला परांची लागते, म्हणून...”

म्हणजे मी ज्याला इतकी वर्षे शाप देत होतो, तो इतकी वर्षे ओला कापूस घेऊन माझ्या मागोमाग दारोदार फिरत होता. चौकोन खांबाआड ठेवला, पट्टीवर नाव घातले नाही. सूड घ्यायला त्याने मला काहीही शिल्लक ठेवले नाही. ही गोष्ट माणसाने कशी सहन करावी?

“मला तुझा राग येतो,” मी म्हणालो.

“हो सर.”

“अजूनही येतो.”

“हो सर. माहितीये.” मग त्याने मान वर केली, आणि इतक्या वर्षांत मी त्याच्याकडून ऐकलेले पहिले पुरे वाक्य बोलला. “सगळं पाण्यानं निघालं, सर, मूळ रंगाला कुठेही ओरखडा नाही.”

चहा गार झाला होता. तरी मी तो संपवला.

२८ फेब्रुवारी

डॉक्टरीणबाईंचा फोन आला होता. सूनबाईंनी घेतला.

“बाबा, उजव्या डोळ्याची तारीख देतायत. पुढच्या आठवड्यात?”

“नको.”

“नको म्हणजे? पुढच्या महिन्यात?”

“राहू द्या.”

“अहो, एका डोळ्यानं जांभळं न् एका डोळ्यानं करडं, असं किती दिवस बघत बसणार?” त्या खिडकीशी गेल्या. “आणि हे पडदे तरी बदलते आता. तुमची शिक्षा मी वर्षभर भोगली.”

“पडदे बदला,” मी म्हणालो. “हवे ते आणा. मला विचारू नका.” मग म्हणालो, “एक पट्टा तेवढा ठेवा. कोपऱ्यातला.”

सूनबाईंना वाटले, मी काटकसर करतो आहे.

त्या कामावर गेल्यावर मी खिडकीशी खुर्ची ओढून बसलो. डावा डोळा हाताने झाकला. पडदे करडे झाले, शांत, माझ्या निवडीचे; भिंतींवर दुपारचे मऊ ऊन; आणि मी कधीही चुकलेला नव्हतो. थोडा वेळ तसाच बसलो. मग हात खाली घेतला.

आधीचे काम पुसले, तरी एक चौकोन राहू द्यावा. उजवा डोळा मी तसाच ठेवणार आहे.